मुलांचा घरकामातील वाटा

घर चालवण्यासाठी रोज जी कामे करावी लागतात, त्यांत मुलांनी वयाप्रमाणे भाग घेणे ही जवळजवळ सर्व समाजांत आढळणारी गोष्ट आहे. फरक असतो तो कामाच्या स्वरूपात, सुरुवातीच्या वयात आणि काम सांगण्याच्या पद्धतीत. या कामांचे ढोबळमानाने दोन भाग पडतात. पहिला भाग स्वतःपुरत्या कामांचा. अंथरूण आवरणे, दप्तर भरणे, जेवल्यावर आपले ताट उचलणे, शाळेचा डबा धुवायला काढणे ही कामे त्यात येतात. दुसरा भाग सगळ्यांसाठीच्या कामांचा. पाणी भरणे, पाने घेणे, भाजी निवडणे, केर काढणे, वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालणे, धाकट्या भावंडाकडे लक्ष ठेवणे ही कामे त्यात मोडतात.

वरवर पाहता दोन्ही कामेच, पण मुलावर होणारा त्यांचा परिणाम सारखा नसतो. जोन ग्रुसेक, जॅकलिन गुडनाउ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात इतरांविषयीची आस्था आणि घरकाम यांचा संबंध तपासला. जी मुले सगळ्यांसाठीची कामे नेमाने, दर वेळी सांगावे न लागता करत, त्यांच्यात ही आस्था अधिक दिसली. केवळ स्वतःची खोली आवरण्याशी किंवा सांगितल्यावर केलेल्या कामाशी तिचा तसा संबंध आढळला नाही. मुलांना घरकामाची सवय लावण्याच्या बहुतेक प्रश्नांचे मूळ याच भेदात सापडते. मूल घराच्या कामात वाटेकरी आहे की हुकमाचा ताबेदार, यावर पुढचे बरेच काही ठरते.

उपजत ओढ

दीड-दोन वर्षांचे मूल केरसुणी ओढते, पोळपाटाशी येऊन कणकेचा गोळा मागते, बादलीतला ओला कपडा पिळू पाहते. घरात याला लुडबुड म्हणतात. बालविकासाच्या अभ्यासकांनी मात्र याच लुडबुडीकडे बारकाईने पाहिले आहे. अमेरिकेतील हॅरिएट राइनगोल्ड यांनी १९८२ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. प्रयोगशाळेतील खोली घरासारखी मांडली होती आणि तिथे मोठी माणसे नेहमीची कामे करत होती. केर काढायचा होता, कपड्यांच्या घड्या घालायच्या होत्या, टेबल मांडायचे होते, विखुरलेले कागद गोळा करायचे होते. दीड ते अडीच वर्षांची मुले कोणी न सांगता या कामांत शिरली. काम कशासाठी चालले आहे हे कळत असल्यासारखे त्यांचे वागणे-बोलणे होते.

जर्मनीतील लाइपझिग येथील माक्स प्लांक संस्थेत फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग याच्या पुढचा आहे. कपडे वाळत घालणाऱ्या माणसाच्या हातून चिमटा खाली पडे आणि तो हात लांब करी, पण चिमटा हाताला लागत नसे. कधी दोन्ही हातांत मासिकांचा गठ्ठा असल्यामुळे त्याला कपाटाचे दार उघडता येत नसे. दीड वर्षाच्या २४ मुलांपैकी २२ मुलांनी एकदा तरी पुढे होऊन मदत केली. तोच चिमटा त्या माणसाने मुद्दाम फेकला, तर मुले सहसा आणून देत नसत. याचा अर्थ मुले नुसती वस्तू उचलण्याचा खेळ खेळत नव्हती. समोरच्याचे काम अडले आहे हे त्यांना समजत होते.

मदतीची इच्छा मुलाच्या मनात नव्याने रुजवावी लागत नाही. ती आधीच असते. घरच्यांच्या वाट्याला येते ते ती टिकवण्याचे आणि तिला कौशल्याची जोड देण्याचे काम.

ओढ का आटते

दोन वर्षांचे मूल पोळी लाटायला आले की त्याला बाहेर पाठवले जाते. कारणे खरी असतात. सकाळी डबे भरायचे असतात, ओट्याजवळ जागा नसते, शेगडी पेटलेली असते, पीठ सांडले तर पुन्हा पुसायचे कोणी हा प्रश्न असतो. मुलाच्या मदतीने दहा मिनिटांचे काम अर्धा तास चालते. म्हणून मूल टीव्हीसमोर किंवा मोबाइलसमोर बसते आणि काम पटकन उरकते. हेच तीन-चार वर्षे चालले की मुलाच्या मनात एक गोष्ट पक्की होते. घरातील कामे मोठ्यांची आणि आपण त्यांच्या वाटेतून दूर राहायचे. पुढे दहाव्या-बाराव्या वर्षी त्याच मुलाने आपण होऊन उठावे अशी अपेक्षा केली जाते आणि मूल आळशी ठरते.

मेक्सिकोतील ग्वादलाहारा शहरात झालेल्या तुलनात्मक अभ्यासातून ही साखळी स्पष्ट दिसते. लुसिया अल्काला, बार्बरा रोगॉफ आणि सहकारी यांनी २०१४ मध्ये तो प्रसिद्ध केला. एकीकडे मूळनिवासी वारसा असलेली कुटुंबे होती, दुसरीकडे अनेक पिढ्या शाळा-महाविद्यालयांत शिकलेली शहरी कुटुंबे. पहिल्या गटातील सहा ते आठ वर्षांची बरीच मुले आपण होऊन स्वयंपाकात हात लावत, भावंडांना सांभाळत, घर आवरत. दुसऱ्या गटातील मुलांची कामे मुख्यतः स्वतःपुरती असत आणि तीही आईने नेमून दिलेली असत. पहिल्या गटातील मुले लहानपणापासून मोठ्यांच्या कामाच्या जवळ वावरत होती. ती बघत आणि जमेल तिथे शिरत. दुसऱ्या गटातील मुलांचा दिवस शाळा, शिकवण्या आणि मोठ्यांनी आखलेल्या उपक्रमांत विभागलेला होता.

महाराष्ट्रातील शहरी मध्यमवर्गाची स्थिती या दुसऱ्या गटाच्या बरीच जवळ आली आहे. धुण्याभांड्याला बाई येते, भाजी निवडलेली मिळते, पोळ्या विकत येतात किंवा पोळ्यांना वेगळी बाई असते आणि मुलांची संध्याकाळ क्लासला जाते. घरातील काम मुलांच्या डोळ्यांसमोरच घडत नसेल, तर त्यात शिरण्याची संधीही राहत नाही.

जुन्या घरातील पद्धत

उन्हाळ्यातील वाळवणे हे अशा संधीचे चांगले उदाहरण. चैत्र-वैशाखात पापड, कुरडया, सांडगे, शेवया घरोघरी होत. कामाचा व्याप एवढा मोठा असे की कोणालाच बाजूला ठेवून चालत नसे. सर्वांत लहान मुलांकडे वाळवणाची राखण येई. कावळे हाकायचे, वारा सुटला की कापडाच्या कडांवर दगड ठेवायचे. त्याहून मोठी मुले पापडाच्या लाट्यांना तेलाचा हात लावत, लाटलेले पापड हातावर घेऊन उन्हात नेऊन टाकत आणि दुपारी उलटत. एखाद-दुसरी लाटी तोंडात जाई, तेही गृहीत धरलेले असे. मग एखादे दिवशी रिकामे पोळपाट मिळे आणि वेडावाकडा पापड लाटला जाई. तो फेकला जात नसे. बाकीच्यांबरोबर वाळून डब्यात जाई.

या पद्धतीत कोणी धडा देत नव्हते. कामाची उतरंड वयाप्रमाणे आपोआप लागे, प्रत्येक पायरीवरचे काम खरे असे आणि वरची पायरी रोज डोळ्यांसमोर असे. त्या काळाचे गोडवे गाताना त्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. पाणी भरणे, भावंडे सांभाळणे, चूल पेटवणे यांचा भार प्रामुख्याने मुलींवर पडे आणि अनेकींची शाळा त्यापायी सुटली. त्या पद्धतीतून उचलण्यासारखी गोष्ट आहे ती काम आणि मूल यांच्यातील जवळीक.

शिक्षणविचारात घरकाम

घरातील कामांना शिक्षणात पद्धतशीर जागा देण्याचे मोठे श्रेय मारिया मॉंटेसरी यांच्याकडे जाते. रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत ६ जानेवारी १९०७ रोजी त्यांचे पहिले बालगृह सुरू झाले. तिथे झाडणे, टेबल धुणे, पाणी ओतणे, बटणे लावणे ही कामे अभ्यासक्रमाचा भाग होती. साधने खरीच पण मुलांच्या मापाची असत आणि फुटणारी भांडीही मुलांच्या हाती दिली जात. भांडे निसटले तर ते फुटते. चूक कोणी दाखवून द्यावी लागत नाही, वस्तूच ती दाखवते.

हा विचार पश्चिम भारतात रुजवणाऱ्यांत भावनगरचे गिजुभाई बधेका आणि त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक अग्रणी होते. ताराबाईंनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामबालशिक्षणाचे काम सुरू केले. पुढे अनुताई वाघ यांच्या साथीने ते कोसबाडच्या आदिवासी भागात वाढले. महागड्या साधनांऐवजी परिसरात मिळणाऱ्या वस्तू आणि मुलांच्या घरचे जीवन यांवर त्यांनी शिक्षण उभे केले. त्याच्या आधी, १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला भरलेल्या शिक्षण परिषदेतून महात्मा गांधींची नई तालीम आकाराला आली होती. सूतकताई आणि शेतीबरोबर सफाई व स्वयंपाक यांनाही तिच्यात शिक्षणाचे स्थान होते. सेवाग्राम येथील आनंद निकेतन शाळेत मुले आजही शेती, शिवण आणि स्वयंपाक करतात. जपानमध्ये तर सर्वसाधारण शाळांतही वर्ग, जिने आणि व्हरांडे झाडण्या-पुसण्याचे काम मुले रोज वाटून घेतात.

मराठी वाचकांच्या मनात या विषयाचे सर्वांत ओळखीचे चित्र साने गुरुजींच्या १९३५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘श्यामची आई’मधले आहे. त्यातील श्याम पत्रावळ लावायला शिकतो तो प्रसंग मुळात घरातील कामाच्या वाटणीचाच आहे.

फायदे आणि पुराव्याच्या मर्यादा

घरकामाचे काही लाभ उघड आहेत. मटार सोलताना, कोथिंबिरीची पाने खुडताना अंगठा आणि तर्जनी यांची चिमटीची पकड पक्की होते. लिहिण्यासाठी तीच लागते. चार माणसांची पाने घेताना मोजणी होते, दोन वाट्या तांदळाला चार वाट्या पाणी घालताना प्रमाण कळते, फ्रीजमधले जुने दूध आधी संपवताना क्रम लावणे समजते.

ऑस्ट्रेलियातील ला ट्रोब विद्यापीठाच्या अभ्यासकांनी २०२२ मध्ये ५ ते १३ वर्षांच्या मुलांच्या २०७ पालकांकडून माहिती घेतली. स्वतःपुरती आणि घरासाठीची कामे करणाऱ्या मुलांची कार्यस्मृती (माहिती तात्पुरती लक्षात ठेवून वापरण्याची क्षमता) आणि उतावळेपणा आवरण्याची क्षमता अधिक चांगली आढळली. पाळीव प्राण्यांची काळजी घेण्याशी मात्र तसा संबंध दिसला नाही. अमेरिकेत सुमारे १० हजार मुलांच्या माहितीवर आधारलेला अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. बालवर्गात असताना अधिक वेळा घरकाम करणारी मुले तिसरीत गेल्यावर स्वतःच्या क्षमतेविषयी अधिक विश्वासाने बोलत होती. बॉस्टनच्या गरीब वस्तीतील ४५६ मुलांचा मध्यमवयापर्यंत मागोवा घेणाऱ्या संशोधनावरील जॉर्ज व कॅरोलाइन व्हेलंट यांचा लेख १९८१ मध्ये आला. घरकाम, छोटी-मोठी नोकरी आणि शाळेतील उपक्रम यांत लहानपणी सक्षम असलेली मुले पुढे मानसिकदृष्ट्या अधिक स्वस्थ आणि नोकरी-संसारात अधिक स्थिर दिसली, असे त्यात म्हटले आहे.

या निष्कर्षांवरून फार मोठ्या उड्या मारणे योग्य नाही. ते सहसंबंध दाखवतात. केर काढल्यामुळे स्मृती वाढली, की स्मृती चांगली असलेली मुले कामे लक्षात ठेवून करतात, हे त्यातून ठरत नाही. ज्या घरात वेळापत्रक, संवाद आणि शांतता असते तिथे मुले कामेही करतात आणि शाळेतही बरी असतात, ही शक्यताही उरतेच. घरकामाचे सर्वांत भक्कम समर्थन या आकड्यांत नाही. मोठेपणी प्रत्येकाला स्वतःचे घर चालवावे लागते आणि त्याची तयारी घराबाहेर फारशी कुठे होत नाही, हे पुरेसे कारण आहे.

वयाप्रमाणे कामे

वयाचे टप्पे हे अंदाज आहेत. मुलाची उंची, हाताची ताकद, लक्ष टिकण्याचा काळ आणि घराची रचना पाहून ते मागेपुढे होतात.

दीड ते तीन वर्षे: खेळणी टोपलीत टाकणे, मळके कपडे बादलीत नेऊन टाकणे, कपडे वाळत घालताना एकेक चिमटा हातात देणे, सांडलेले पाणी फडक्याने टिपणे. या वयात काम मोठ्याच्या शेजारी उभे राहूनच होते.

तीन ते पाच वर्षे: मटार आणि शेंगा सोलणे, लसणाच्या पाकळ्या सुट्या करणे, चमचे-वाट्या मांडणे, तुळशीला पाणी घालणे, पायमोज्यांच्या जोड्या लावणे.

सहा ते आठ वर्षे: पालेभाजी निवडणे, पाने घेणे आणि जेवणानंतर उचलणे, रुमाल-टॉवेलच्या घड्या, पिण्याच्या पाण्याच्या बाटल्या भरणे, ओला व सुका कचरा वेगळा करणे, लहान खोलीचा केर काढणे.

नऊ ते बारा वर्षे: कणीक मळणे, काकडीची कोशिंबीर, भांडी घासणे, वॉशिंग मशीन लावणे, वाण्याकडून यादीप्रमाणे सामान आणणे, गिरणीत दळण टाकून आणणे. दळण नेणाऱ्या मुलाला पीठ जाड हवे की बारीक आणि गहू गव्हावरच दळून घ्यायचे, हे एकदा नीट सांगावे लागते. शेगडीजवळचे काम या वयात मोठ्यांच्या देखत सुरू करता येते. चहा करणे किंवा पोळी भाजणे ही सुरुवातीची कामे.

तेरा वर्षांनंतर: कुकर लावणे, वरणाला फोडणी देणे, पोळ्या-भाकरी करणे, स्नानगृह धुणे, वीजबिल भरणे, महिन्याच्या किराण्याची यादी करणे, आजी-आजोबांच्या औषधांच्या वेळा सांभाळणे. शिक्षणासाठी पुण्या-मुंबईत खोली घेऊन राहण्याची वेळ अठराव्या वर्षी येते. तोवर एक वेळचा पूर्ण स्वयंपाक, कपडे, सफाई आणि आठवड्याचा हिशेब एवढे हाताखालून गेलेले असावे.

काम शिकवण्याची पद्धत

कोणतेही काम मुलाच्या हाती चार पायऱ्यांनी जाते. आधी मूल बघते, मग सोबत करते, नंतर कोणी जवळ असताना एकट्याने करते आणि शेवटी पूर्ण काम त्याचे होते. घाईत दुसरी आणि तिसरी पायरी गाळली जाते. मग काम बिघडले की “तुला काहीच येत नाही” असे म्हणून ते काढून घेतले जाते.

मेथीची जुडी निवडण्याचे साधे काम घेतले तरी त्यात किती गोष्टी येतात ते दिसते. वर्तमानपत्र पसरायचे, जुडीचा बंध सोडायचा, मुळांकडची माती झटकायची. पिवळी आणि किडकी पाने बाजूला काढायची. कोवळ्या देठासकट शेंडा खुडायचा आणि जून देठ टाकायचा. देठ कोवळा की जून हे डोळ्यांना लगेच कळत नाही. तो दोन बोटांत मोडून पाहावा लागतो. पटकन तुटला तर कोवळा, दोरा राहिला तर जून. सहा वर्षांच्या मुलाला ही एक खूण दाखवली की बाकीचे काम त्याला जमते. निवडलेली पाने चाळणीत नुसती धुऊन माती जात नाही. मोठ्या पातेल्यात पाणी घेऊन पाने बुडवून वर उचलावी लागतात आणि तळाची माती दिसेनाशी होईपर्यंत पाणी बदलावे लागते. पहिल्या काही जुड्यांत थोडे जून देठ भाजीत जातीलच. मुलाची पाठ वळण्याआधी तीच भाजी पुन्हा निवडायला घेतली, तर आपले काम खोटे होते हा निरोप त्याच्यापर्यंत पोहोचतो.

केर काढण्यातही अशाच न सांगितलेल्या गोष्टी असतात. आधी पंखा बंद करायचा, नाहीतर गोळा केलेला केर उडतो. कोपऱ्यातून दाराकडे यायचे, सोफा आणि पलंग यांच्या खालून झाडू फिरवायचा, केर एका जागी आणून सुपलीत भरायचा. झाडूही मुलाच्या उंचीचा हवा. मोठ्यांचा लांब झाडू सात वर्षांच्या हातात तिरका पडतो आणि दोष मात्र हाताला दिला जातो.

काम सांगताना ते कुठे सुरू होते आणि कुठे संपते हे ठाऊक असले पाहिजे. “खोली आवर” हे वाक्य मुलाला धूसर वाटते. “पुस्तके कपाटात, कपडे बादलीत, जमिनीवर काही नको” हे कळते. ठरलेली वेळ दिवसाच्या क्रमात बसवलेली असली की आठवण करून द्यावी लागत नाही. जेवणाआधी पाने घ्यायची आणि शाळेतून आल्यावर डबा काढायचा, एवढे ठरले की रोजची बोलणी टळतात. एका मुलाकडे एक काम कायमचे लावून देण्यापेक्षा काही महिन्यांनी कामे बदलली, तर सर्वांना सर्व कामे येतात.

ज्या मुलांना शिकायला अधिक वेळ लागतो किंवा ज्यांना काही अपंगत्व आहे, त्यांच्याबाबत कामाचे आणखी बारीक तुकडे करता येतात. टॉवेलची घडी चार टप्प्यांची असेल तर पहिले तीन टप्पे मोठ्याने करावेत आणि शेवटचा मुलाने. काम पूर्ण झाल्याचे समाधान त्याला मिळते. मग हळूहळू मागचे टप्पे त्याच्याकडे द्यावेत. विशेष शिक्षणात ही पद्धत सर्रास वापरली जाते.

पैसे, बक्षीस आणि कौतुक

कामाच्या बदल्यात पैसे द्यावेत का, हा पालकांचा नेहमीचा प्रश्न आहे. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेला बालवाडीतील प्रयोग इथे मोलाचा ठरतो. मार्करने चित्रे काढायला आवडणाऱ्या मुलांपैकी काहींना आधीच सांगितले की चित्रे काढली तर फीत लावलेले प्रशस्तिपत्र मिळेल. काही दिवसांनी पाहिले तेव्हा ती मुले चित्रांवर बाकीच्यांपेक्षा सुमारे निम्माच वेळ घालवत होती. वार्नेकेन आणि टोमासेलो यांनी २००८ मध्ये २० महिन्यांच्या मुलांवर याच धर्तीचा प्रयोग केला. मदतीबद्दल प्रत्येक वेळी खेळणे मिळालेली मुले पुढे कमी मदत करू लागली. काहीच न मिळालेली किंवा नुसते शब्दांनी कौतुक झालेली मुले मदत करतच राहिली.

म्हणून रोजच्या वाट्याच्या कामाला दर लावणे धोक्याचे. आज ताट उचलायला दहा रुपये मिळाले, तर उद्या दहा रुपये नको असलेले मूल ताट उचलणार नाही आणि त्याचे चुकलेही नाही, कारण व्यवहार तसाच ठरला होता. हातखर्च वेगळा द्यावा, तो कामाशी बांधू नये. नेहमीच्या वाट्याबाहेरचे मोठे काम पैसे देऊन सांगायला हरकत नसते. माळा रिकामा करणे किंवा गाडी धुणे ही तशी कामे. मुलाला दोहोंतला फरक माहीत असला म्हणजे झाले. काम हे शिक्षा म्हणून देणे तर आणखी वाईट. कमी गुण पडले म्हणून भांडी घासायला लावली की भांडी घासणे ही शिक्षा आहे, हे घरातच शिकवले जाते.

कौतुकाचेही तारतम्य असते. प्रत्येक वाटी उचलल्यावर टाळ्या वाजवल्या तर काम म्हणजे नाटकाचा प्रयोग होऊन बसते. कामाचा झालेला उपयोग सांगणे पुरेसे असते. “भाजी निवडून ठेवली होती म्हणून आज स्वयंपाक लवकर झाला” या वाक्यात स्तुतीही आहे आणि माहितीही.

टाळाटाळ

कामाला नाही म्हणणे, चालढकल करणे, मुद्दाम वाईट करणे हे प्रकार सात-आठ वर्षांपासून दिसतात आणि किशोरवयात वाढतात. कारणानुसार उपाय बदलतो. काम नीट येत नसेल तर मूल ते टाळते. तिथे पुन्हा सोबत करून दाखवावे लागते. भावंडांत वाटणी असमान वाटत असेल तर मुलांसमोर सगळी कामे कागदावर मांडून वाटणी त्यांनाच करू द्यावी. आई-वडील दिवसाला किती कामे करतात हेही त्या कागदावर आले पाहिजे. किशोरवयीन मुलाला वेळ स्वतः ठरवायची असते. भांडी रात्री दहापर्यंत घासलेली असतील एवढे ठरले, तर ती आठला घासावीत की साडेनऊला हा त्याचा प्रश्न. काम झाले नाही तर परिणाम कामातूनच यावा. कपडे मशीनमध्ये पडले नाहीत तर खेळाचा गणवेश धुतलेला नसेल. वडीलधाऱ्यांनी रात्री गुपचूप ते काम उरकून ठेवले की ठरलेले सगळे विरून जाते.

मुलगा आणि मुलगी

घरकामाच्या वाटणीतील सर्वांत जुनी विषमता मुलगा-मुलगी भेदाची आहे. युनिसेफने २०१६ मध्ये दिलेल्या जागतिक अंदाजाप्रमाणे ५ ते १४ वर्षांच्या मुली त्याच वयाच्या मुलांपेक्षा घरकामात ४० टक्के अधिक वेळ घालवतात. भारताच्या २०१९ च्या राष्ट्रीय वेळवापर सर्वेक्षणात सहा वर्षांवरील ८१.२ टक्के स्त्रिया आणि २६.१ टक्के पुरुष घरातील बिनमोबदल्याच्या कामांत भाग घेताना आढळले. भाग घेणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटे आणि पुरुष ९७ मिनिटे या कामांवर घालवत होते.

ही दरी लग्नानंतर अचानक पडत नाही. पाहुणे आले की पाणी आणायला मुलीला हाक मारली जाते आणि गाडीची चावी आणायला मुलाला. पाने घेणे बहिणीकडे, दुकानातून काही आणणे भावाकडे. दोन्ही कामेच, पण एक रोजचे आणि न संपणारे असते, दुसरे कधीमधी लागणारे. केनियातील लुओ समाजात कॅरोल एम्बर यांनी केलेल्या आणि १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात काही घरांत योग्य वयाची मुलगी नसल्यामुळे पाणी, स्वयंपाक आणि लहान मुलांना सांभाळणे ही कामे मुलांकडे आली होती. ही मुले इतर मुलांपेक्षा कमी आक्रमक आणि इतरांच्या अधिक उपयोगी पडणारी होती. घरातील वडील काय करतात यालाही सांगण्यापेक्षा जास्त वजन असते. वडील रोज भांडी लावताना दिसत असतील तर मुलाला त्यात वेगळे काही वाटत नाही.

मर्यादा आणि सुरक्षितता

मुलांना काम देण्याला वरची मर्यादाही आहे. आठवड्याला २१ तास किंवा त्याहून अधिक घरकाम करणाऱ्या ५ ते १४ वर्षांच्या मुलांची गणना युनिसेफच्या मोजमापात बालमजुरीत होते. भारतातील १९८६ च्या बालमजुरीविषयक कायद्यात २०१६ मध्ये सुधारणा झाली. १४ वर्षांखालील मुलाने कुटुंबाला किंवा कुटुंबाच्या व्यवसायाला धोकादायक नसलेल्या कामात, शाळेच्या वेळेनंतर किंवा सुट्टीत मदत करण्याला त्यात मुभा आहे. शाळा बुडवून केलेले काम या मुभेत बसत नाही. दुसऱ्याच्या घरी मोलाने धुणीभांडी करायला लहान मुलाला ठेवणे तर या विषयाच्या बाहेरचे आणि बेकायदा आहे.

घरातही काही गोष्टी वयाआधी मुलांच्या हाती देऊ नयेत. विळी, मिक्सरची पाती, गरम तेल, कुकरची वाफ आणि भरलेली उकळत्या पाण्याची पातेली यांत त्या येतात. वाफ पूर्ण उतरण्याआधी कुकरचे झाकण ओढायचे नाही, हा नियम कुकर लावायला शिकवतानाच पहिला सांगावा. फरशी व संडास धुण्याची ॲसिडे मुलांपासून दूर ठेवावीत. ॲसिड आणि ब्लीच एकत्र झाल्यास क्लोरीन हा विषारी वायू तयार होतो, त्यामुळे मोठ्या मुलांनाही दोन द्रावणे मिसळू नका असे स्पष्ट सांगावे लागते. उंचावरचे जाळे काढणे, गच्चीच्या कठड्यावर वाकून कपडे घालणे, ओल्या हाताने विजेची बटणे दाबणे हेही वर्ज्य.

अभ्यास, मैदानी खेळ, झोप आणि रिकामा वेळ यांना हात न लावता जेवढे काम बसते तेवढा मुलाचा वाटा. परीक्षेच्या दिवसांत तो कमी होतो आणि सुट्टीत वाढतो. आजारपणात तो कोणीतरी उचलतो आणि बरे झाल्यावर तो पुन्हा मुलाकडेच परत यावा.